समेटाची बैठक आणि पुसदचे गवत

(गावोगावच्या मंडळ्या व उपदेशक यांच्याकरिता अभ्यासपाठ)

प्रस्तुत पाठाचा विषय समेट हा आहे. दोन पक्षांत वैर पडले असता तिसऱ्याने मध्ये पडून त्यांचे बोलणे घडवून आणावे, आणि त्या बोलण्यातून दोघांस मान्य होईल असा करार निघावा, यास आपण मध्यस्थी म्हणतो. ही गोष्ट आपणांस नवी नाही. धुऱ्यावरून दोन भावांत तंटा झाला, पांदण रस्ता कोणी नांगरून टाकला, पोळ्याच्या दिवशी बैलांच्या मानावरून बोलाचाली झाली, म्हणजे गावातील चार शहाणी माणसे जमतात व काही तोड काढतात. परंतु या पाठात ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा तो थोडा निराळा आहे. तो असा : भांडणारे दोन पक्ष आणि त्यांच्यामध्ये बसलेला मध्यस्थ यांच्याशिवाय ज्या सर्वसाधारण लोकांना त्या भांडणाची झळ लागते, व पुढे ज्यांना त्या कराराखाली राहावयाचे असते, त्यांचे समेटाच्या बैठकीत काय काम? त्यांनी दाराबाहेर बसून निकालाची वाट पाहावी, की त्यांचाही त्यात काही हात असावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याकरिता आपण आपल्याच यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासातील एका गोष्टीपासून आरंभ करू. तेथून पुण्यास, मग दूर पूर्वेस नागालँडात जाऊ, आणि शेवटी आपल्या गावी परत येऊ.

१. पुसदचे गवत

सन १९३० च्या मार्च महिन्यात महात्मा गांधी साबरमतीहून दांडीस पायी निघाले, व ६ एप्रिल रोजी त्यांनी समुद्रकाठी मीठ उचलून सरकारचा कायदा मोडला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु वऱ्हाडास समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहिहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करण्यात आले खरे, तथापि अशी ठिकाणे थोडी, आणि पावसाळा लागल्यावर मीठ पिकविणे कठीणच. शिवाय आमच्या खेड्यांतील कास्तकाराला व मजुराला रोज उठून जो कायदा बोचत होता, तो मिठाचा नसून जंगलाचा होता. राखीव जंगलात गवत कापावयाचे, गुरे चारावयाची, सरपण आणावयाचे, तर परवाना पाहिजे व त्याचे पैसे भरले पाहिजेत. विनापरवाना भारा डोक्यावर आढळला, तर जंगलखात्याचा शिपाई अडवी व दंड होई. ज्या रानात बापआजे गुरे चारीत आले, त्या रानात आपण चोर कसे ठरलो, हे लोकांस समजेना.

वणी येथे जन्मलेले व यवतमाळास वकिली करणारे माधव श्रीहरी अणे, ज्यांस लोक लोकनायक बापूजी अणे म्हणत, त्यांच्या पुढारपणाखाली १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह सुरू झाला. अणे यांस अटक होऊन कैदेची शिक्षा झाली. पुढे वऱ्हाडात, मध्यप्रांतात व मुंबई इलाख्यातही ठिकठिकाणी लोक विळे व कुऱ्हाडी घेऊन राखीव जंगलात शिरले. कोणी दंड भोगला, कोणी तुरुंगात गेले. कुलाबा जिल्ह्यात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. गवताचा भारा ही लहान वस्तू दिसते. परंतु ज्याच्या गोठ्यात बैल उभा आहे व ज्याच्या घरी चूल पेटावयाची आहे, त्यास ती लहान नाही. हे गवत वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे आपणांस त्याची विचारपूस करावयाची आहे.

२. येरवड्यास जाणारे दोन मध्यस्थ

पुसदच्या सत्याग्रहानंतर तीनच दिवसांनी, म्हणजे १३ जुलै १९३० रोजी, दोन गृहस्थांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांस एक पत्र लिहिले. एक अलाहाबादचे सर तेजबहादूर सप्रू. दुसरे मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. दोघेही त्या वेळी सरकारी अधिकारी नव्हते, आणि कायदेभंगाच्या चळवळीतही नव्हते. त्यांनी विनंती केली की, तुरुंगात असलेल्या पुढाऱ्यांस भेटून समेटाचे काही बोलणे निघते का हे पाहण्याची आम्हांस परवानगी असावी. व्हाइसरॉयांनी ती दिली.

यानंतर त्यांनी जे केले, त्यावरून मध्यस्थाचे काम किती कष्टाचे असते हे दिसते. २३ व २४ जुलै रोजी त्यांनी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींची भेट घेतली. तेथून त्यांचे पत्र घेऊन ते अलाहाबादेजवळ नैनीच्या तुरुंगात मोतीलाल व जवाहरलाल नेहरू यांजकडे गेले. त्यांचे उत्तर घेऊन जयकर पुन्हा येरवड्यास आले. शेवटी ऑगस्ट महिन्यात नेहरू पितापुत्रांस आगगाडीने पुण्यास आणण्यात आले, आणि १३ ते १५ ऑगस्ट या दिवसांत तुरुंगातच सर्वांची एकत्र बैठक भरली. गांधीजी, नेहरू पितापुत्र, वल्लभभाई पटेल, सरोजिनी नायडू, जयरामदास दौलतराम व सय्यद महमूद हे तेथे होते. पुढाऱ्यांनी आपल्या अटी लिहून दिल्या. त्या व्हाइसरॉयांस मान्य झाल्या नाहीत, आणि सप्टेंबरात हे बोलणे मोडले.

बोलणे मोडले म्हणून श्रम फुकट गेले काय? तसे झाले नाही. १९३१ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस सरकारने पुढाऱ्यांस मोकळे केले. फेब्रुवारीत सप्रू, जयकर व श्रीनिवास शास्त्री हे विलायतेतील गोलमेज परिषदेहून परत आले, आणि गांधीजींनी व्हाइसरॉयांस प्रत्यक्ष भेटावे म्हणून त्यांनी पुन्हा खटपट केली. १७ फेब्रुवारीस भेटी सुरू झाल्या, आणि ५ मार्च १९३१ रोजी गांधी–आयर्विन करार झाला. आदल्या वर्षी जी वाट अर्धी तुडवली गेली होती, तीच या वेळी उपयोगी पडली.

मध्यस्थाच्या अंगी कोणते गुण असावेत ते येथे पाहा. दोन्ही बाजूंच्या परवानगीवाचून त्यांनी पाऊल टाकले नाही. एकाचे म्हणणे दुसऱ्याकडे नेताना ते लेखी नेले, म्हणजे त्यात आपल्या पदरचे काही मिसळले जाऊ नये. निकाल देण्याचा अधिकार आपला आहे असे त्यांनी मानले नाही. आणि बोलणे मोडल्यावर सर्व पत्रव्यवहार लोकांपुढे ठेवला, म्हणजे कोण काय म्हणाले याविषयी कोणाच्या मनात किंतु राहू नये.

३. करारात मीठ आले, गवत आले नाही

आता त्या ५ मार्चच्या करारात सामान्य लोकांस काय मिळाले ते पाहू. कायदेभंगाची चळवळ बंद करावयाची, आणि सरकारने काढलेले वटहुकूम मागे घ्यावयाचे, असे ठरले. ज्यांच्यावर अत्याचाराचा, म्हणजे मारहाण व रक्तपात यांचा, आरोप नव्हता अशा कैद्यांस सोडावयाचे. जे दंड वसूल झाले नव्हते ते माफ करावयाचे. सरकारच्या ताब्यात असलेली जप्तीची चीजवस्तू परत करावयाची. परंतु ज्या जमिनी लिलावात तिऱ्हाइतांस विकल्या गेल्या होत्या त्या परत मिळावयाच्या नव्हत्या, आणि राजीनामा दिलेल्या ज्या नोकरांच्या जागी कायमची माणसे नेमली गेली होती, त्यांसही जागा मिळावयाची नव्हती.

मिठासंबंधी एक कलम होते. मिठाचा कायदा रद्द होणार नव्हता. परंतु जेथे मीठ आपोआप जमते किंवा करता येते, अशा ठिकाणांच्या लगतच्या गावांतील रहिवाशांनी घरखर्चाकरिता अथवा त्याच गावांत विकण्याकरिता मीठ गोळा करावे व करावे, त्यास हरकत घेतली जाणार नाही, असे ठरले. समुद्रकाठच्या गरीब माणसास ही एक सवलत झाली.

आणि आमच्या पुसदच्या गवताचे काय झाले? सगळा करार वाचून पाहिला तरी त्यात गवत, चराई व सरपण यांसंबंधी एकही कलम आढळत नाही. जंगल सत्याग्रहाचे कैदी इतरांबरोबर सुटले. परंतु ज्या कारणाकरिता ते तुरुंगात गेले होते, ते कारण जसेच्या तसे राहिले. सुटून घरी आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी रानातून गवताचा भारा आणावा, तर तो पुन्हा गुन्हेगारच ठरावयाचा.

असे का झाले याचा शांतपणे विचार करावा. मध्यस्थ लबाड होते असे नाही. ते थोर व निःस्वार्थी पुरुष होते. गांधीजींस गरिबांची कळकळ नव्हती असे तर कोणीच म्हणणार नाही. परंतु येरवड्याच्या बैठकीत स्वराज्याचे हक्क, राज्यकारभाराची घटना, वटहुकूम, कैदी असे मोठे मोठे विषय होते. मिठाच्या नावानेच सारी चळवळ सुरू झाली असल्यामुळे मीठ सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. वऱ्हाडच्या गवताचे गाऱ्हाणे मांडणारा त्या बैठकीत कोणी नव्हता. अणे स्वतः त्या वेळी कैदेत होते. पुसद तालुक्यातील गुराख्याला किंवा डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला, तुझे काय म्हणणे आहे, असे विचारण्याची रीतच त्या बोलण्यात नव्हती.

गवताचा व चराईचा प्रश्न पुढे सुटला काय? तो नाहीसा झाला नाही, केवळ मागे पडला. १९३१ नंतर पंचाहत्तर वर्षांनी, म्हणजे २००६ साली, आपल्या देशाच्या संसदेने वनहक्कांचा कायदा केला. आदिवासी व इतर परंपरागत वननिवासी यांचे गौण वनोपज, चराई इत्यादींचे हक्क त्यात मान्य झाले, आणि ते ठरविण्याच्या कामी ग्रामसभेस स्थान देण्यात आले. हा कायदा व्हावा म्हणून देशभरच्या लोकसंघटनांना वर्षानुवर्षे खटपट करावी लागली. बैठकीत जे गाऱ्हाणे मांडले जात नाही, ते मिटत नाही. ते नातवंडांच्या पदरी पडते.

४. ज्यांचा प्रश्न ते बैठकीत : पुणे करार

याच येरवड्यात दीड वर्षाने दुसरा एक समेट झाला. तो पहिल्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. १९३२ च्या ऑगस्ट महिन्यात ब्रिटिश प्रधानमंत्र्यांनी जातवार निवाडा जाहीर करून दलित वर्गांस प्रांतिक कायदेमंडळांत स्वतंत्र मतदारसंघांच्या ७१ जागा दिल्या. स्वतंत्र मतदारसंघांस विरोध म्हणून गांधीजींनी २० सप्टेंबर रोजी तुरुंगात उपोषण आरंभिले. डॉ. भीमराव आंबेडकर हे स्वतंत्र मतदारसंघांचे खंबीर पुरस्कर्ते होते. सप्रू व जयकर पुन्हा मध्ये पडले. पंडित मदनमोहन मालवीय त्यांच्याबरोबर होते. २४ सप्टेंबर रोजी करारावर सह्या झाल्या. दलित वर्गांकरिता ७१ च्या ऐवजी १४८ राखीव जागा, त्यांपैकी मध्यप्रांताच्या वाट्यास २०; मतदारसंघ संयुक्त, परंतु आधी दलित मतदारांनीच चार उमेदवार निवडावयाचे, अशी योजना ठरली.

या करारावर सह्या कोणाच्या आहेत ते पाहावे. डॉ. आंबेडकर, मद्रासचे एम. सी. राजा व श्रीनिवासन, नामांकित क्रिकेटपटू पी. बाळू अशी दलित समाजाची माणसे त्यात आहेत. भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांच्यासारखे लोकसेवकही आहेत. दुसऱ्या दिवशी मुंबईस ज्यांनी सह्या केल्या त्यांत अवंतिकाबाई गोखले व हंसाबेन मेहता या स्त्रियाही होत्या. सारांश, ज्यांच्या भवितव्याचा प्रश्न होता ते स्वतः बैठकीत बसले व त्यांनी एकेका जागेकरिता घासाघीस केली. ७१ चे १४८ कसे झाले, याचे उत्तर येथे आहे. आपल्या खेड्यांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांची मुळे याच समाजांत असल्यामुळे ही गोष्ट आपणांस परकी नाही.

तथापि या समेटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका थोर पुरुषाचा प्राण पणाला लागला असता, आणि देशभर लोकांचे डोळे आपल्याकडे लागले असता, दुसऱ्या पक्षास मोकळ्या मनाने नाही म्हणता येते काय? डॉ. आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात या करारावर कडक टीका केली. म्हणून बैठकीत जागा मिळाली एवढ्याने काम भागत नाही. जो बसला त्यास निर्भयपणे बोलता आले पाहिजे, आणि नाही म्हणण्याची मुभा असली पाहिजे. गावच्या पंचांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ज्या कास्तकाराच्या शेतावर पोट अवलंबून आहे, त्याच्याच समोर मजुरास, बोल बाबा, तुझे काय म्हणणे, असे विचारले, तर तो मान खालीच घालणार.

५. मंडळीने केलेली मध्यस्थी : नागालँड

आतापर्यंत आपण मोठ्या वकिलांची मध्यस्थी पाहिली. आता खेडोपाडीच्या मंडळीने आरंभिलेली मध्यस्थी पाहू. भारताच्या ईशान्य टोकास ब्रह्मदेशाच्या सीमेवर नागा लोकांचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील बहुतेक लोक बॅप्टिस्ट मंडळीचे आहेत. स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारे सशस्त्र नागा आणि भारत सरकारचे सैन्य यांच्यामध्ये १९५५ च्या सुमारास युद्ध पेटले. गावे जळाली, माणसे मेली, कित्येक कुटुंबे रानोमाळ झाली. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड हे निराळे राज्य झाले, तरी गोळीबार थांबला नाही.

अशा वेळी, १९६४ सालच्या आरंभी, वोखा येथे बॅप्टिस्ट मंडळ्यांचे मोठे संमेलन भरले. त्या संमेलनाने ठराव केला की, दोन्ही पक्षांस मान्य होतील अशा माणसांचे एक शांतिमंडळ नेमावे. या ठरावात जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री विमलाप्रसाद चलिहा, इंग्लंडचे पाळक रेव्हरंड मायकेल स्कॉट, आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव यांची नावे होती. पुढे प्रत्यक्ष मंडळात पहिले तिघे राहिले. त्यांनी दोन्हीकडे जाऊन बोलणी केली, आणि ६ सप्टेंबर १९६४ पासून गोळीबार थांबला. मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या प्रार्थना झाल्या.

नागालँडात पुणे व दिल्लीपेक्षा एक गोष्ट अधिक झाली, आणि या पाठाचा गाभा तीच आहे. शस्त्रे थांबविण्याचा करार पाळला जातो की नाही हे पाहण्याकरिता शांति-निरीक्षकांचे एक पथक नेमण्यात आले. ही माणसे ना सरकारची, ना सशस्त्र पक्षाची. ती गावोगाव फिरत, कोणीकडून कराराचा भंग झाला अशी तक्रार आली की तेथे जात, चौकशी करीत, आणि संशयाची ठिणगी वणव्यात वाढण्यापूर्वी विझवीत. त्यांच्यामध्ये मार्जरी साइक्स या बाई होत्या. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे त्यांनी नई तालीमच्या शिक्षणाचे काम पुष्कळ वर्षे केले होते. दुसरे डॉ. अराम, दक्षिणेकडील गृहस्थ, यांनी कोहिमा येथे शांतिकेंद्र चालविले.

शांतिमंडळ फार दिवस टिकले नाही. १९६६ च्या फेब्रुवारीत जयप्रकाशांनी राजीनामा दिला, मे महिन्यात रेव्ह. स्कॉट यांस देशाबाहेर जावे लागले, व मंडळ संपले. दिल्लीतील बोलण्यांतूनही अखेरची तोड निघाली नाही. असे असूनही शस्त्रबंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली, आणि ती १९७२ पर्यंत चालली. मोठ्या लोकांचे बोलणे मोडल्यावरही खालच्या निरीक्षकांचे काम सुरू राहिले, आणि त्या आठ वर्षांत पुष्कळ जीव वाचले.

येथे एक इशाराही आहे. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी शिलाँग येथे सरकार व भूमिगत पक्षाचे काही लोक यांच्यात करार झाला. तो घडवून आणण्यात मंडळीच्या पुढाऱ्यांनी मनापासून श्रम केले होते. परंतु सशस्त्र पक्षातील सर्वांची त्यास संमती नव्हती. ज्यांनी तो अमान्य केला, त्यांनी १९८० साली निराळी संघटना उभारली, आणि मग नागा लोकांत आपसांत रक्तपात झाला. हेतू चांगला असला तरी सर्वांस विचारल्यावाचून केलेला करार नवे भांडण जन्मास घालतो. १९८४ साली नागा माता संघ स्थापन झाला, आणि ज्यांचे मुलगे दोन्हीकडे मरत होते अशा आया पुढे होऊन निरनिराळ्या सशस्त्र गटांशी बोलू लागल्या. घरात बसून रडण्याचा अधिकार जर आईस आहे, तर मारू नका असे समोर जाऊन सांगण्याचाही आहे.

६. यावरून निघणारे चार बोध

पहिला : बोलणे सुरू करून देणे. वैर वाढले म्हणजे दोघेही पक्ष पहिले पाऊल टाकण्यास लाजतात, कारण ते पाऊल दुबळेपणाचे मानले जाईल अशी त्यांस भीती असते. तिसऱ्याने ते टाकले म्हणजे कोणाचीच मान खाली जात नाही. सप्रू–जयकर व वोखा येथील मंडळी यांनी हे केले.

दुसरा : राहून गेलेले गाऱ्हाणे आत नेणे. समेटाच्या बैठकीत बलवानांचे विषय आपोआप येतात. दुबळ्यांचे विषय कोणीतरी न्यावे लागतात. पुसदच्या गवतास नेणारा कोणी नव्हता, म्हणून ते बाहेर राहिले.

तिसरा : ठरलेले लोकांस समजावून सांगणे. करारातील कलमे लोकांस कळली नाहीत, तर अफवा पिकतात. प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ काढतो, आणि दुसऱ्याने वचन मोडले असे मानून पुन्हा काठी उचलतो.

चौथा : पहारा करणे. सही झाली म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे पुढील वर्षा–दोन वर्षांत व्हावयाचे असते. ते न्यायाधीश किंवा मंत्री येऊन करीत नाही. तेथे रोज राहणारी माणसेच ते करू शकतात.

७. आपल्या गावी

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी, गावातील तंट्यांची नोंद करावी, व सामोपचाराने ते मिटवावेत, असा तिचा हेतू होता. चांगले काम करणाऱ्या गावांस बक्षिसेही देण्यात आली. तेव्हा गावच्या समेटात बसण्याचे काम आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते, आणि उपदेशकाकडे तर लोक न बोलावताही येतात. म्हणून वरील बोध एका साध्या उदाहरणावर घासून पाहू.

समजा, दोघा भावांत वडिलांच्या शेताच्या वाटणीवरून तंटा आहे. विहीर एकाच्या हिश्शात जाते, म्हणून दुसरा अडून बसला आहे. पेरणी थांबली आहे. पंच जमले, विहिरीचे पाणी पाळीपाळीने घ्यावे, धुरा मोजून खुणा रोवाव्या, असे ठरले. दोघे भाऊ एकमेकांस भेटले, चहापाणी झाले, सर्वांनी समाधान मानले. परंतु त्या घरी वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार आहे. तंट्यामुळे त्याचे सहा महिन्यांचे पैसे थकले आहेत. आता थोरला म्हणतो धाकट्याने द्यावे, धाकटा म्हणतो थोरल्याने. पंचांच्या कागदात त्याचे नावही नाही. भावांचा समेट झाला, आणि सालदाराच्या घरी चूल थंड राहिली. पुसदचे गवत ते हेच होय.

म्हणून पंचांनी व उपदेशकांनी पुढील गोष्टी कराव्या. बैठकीपूर्वी दोन दिवस घरोघर फिरून, या तंट्याने आणखी कोणाचे नुकसान झाले, हे विचारावे. स्त्रियांस व मजुरांस निराळे भेटून त्यांचे ऐकावे. सर्वांसमोर त्यांस तोंड उघडता येत नाही. ज्याचे एखाद्या पक्षाशी देणेघेणे किंवा सोयरीक आहे त्याने मध्यस्थ होऊ नये. ठरलेले सोप्या मराठीत लिहून मोठ्याने वाचून दाखवावे, ज्यास वाचता येत नाही त्यास दोनदा सांगावे, आणि एकेक प्रत दोघांस द्यावी. शेवटी, एक महिन्याने व हंगाम संपल्यावर जाऊन पाहण्याकरिता दोन माणसे नेमावी, व त्यांची नावे कागदावर लिहावी.

एक मर्यादा मात्र ओलांडू नये. स्त्रीवर झालेला अत्याचार, जातीवरून केलेला छळ, मारहाण होऊन गेलेला जीव, अशा गोष्टी समेटाने मिटविण्याच्या नाहीत. त्या पोलिसांकडे व न्यायालयात गेल्या पाहिजेत. गावात शांती राहावी असे म्हणून दुबळ्याचे तोंड दाबणे यास कोणी समेट म्हणेल, परंतु तो अन्यायावर घातलेला पदर होय. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने उभे राहणे हेच तेथे मध्यस्थाचे कर्तव्य आहे.

येरवड्याच्या बैठकीत आपल्या जिल्ह्यातील गुराख्यास जागा मिळाली नाही, हे आता बदलता येत नाही. परंतु येत्या हंगामात आपल्या गावी जी बैठक बसेल, तिच्यात सालदारास, विधवेस व मोळीवालीस जागा द्यावयाची की नाही, हे आपल्या हाती आहे.

मंडळीत चर्चेकरिता प्रश्न

१. १९३० साली वऱ्हाडात मिठाऐवजी गवताचा सत्याग्रह का झाला?

२. सप्रू व जयकर यांनी मध्यस्थी करताना कोणत्या चार गोष्टी सांभाळल्या? त्यांपैकी आपल्या गावच्या पंचांकडून कोणती बहुधा सुटते?

३. १९३१ च्या करारात मिठाचे कलम आले आणि गवताचे आले नाही, याची कारणे कोणती?

४. बैठकीत जागा मिळूनही माणसास मोकळेपणी बोलता येत नाही, असे केव्हा होते? त्यावर उपाय कोणता?

५. नागालँडातील शांति-निरीक्षकांनी कोणते काम केले? तसे काम आपल्या गावी कोण करू शकेल? दोन नावे सुचवा.

६. मागील दोन वर्षांत आपल्या गावी मिटलेला एखादा तंटा आठवा. त्यात कोणाचे गाऱ्हाणे बैठकीबाहेर राहिले? त्याच्या घरी या आठवड्यात कोण जाईल?